शोस्ताकोविचबरोबर सिम्फनी संपली म्हणता, मग हे सगळं काय आहे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्य संगीतावरचा लेख वाचला. या विषयावर मराठीत कुणी दोन कॉलम लिहिले तरी मी खुश असतो, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या पचेना म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, फक्त मधलं कापू नका. लेखक म्हणतात की १९७५ साली रशियन संगीतकार शोस्ताकोविच गेला आणि युद्धाची, मेलेल्या माणसांची साक्ष देणारी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, त्याच्याबरोबरच गेली, नंतर अमेरिकेत ऑर्केस्ट्रासाठी जे काही लिहिलं गेलं ते म्हणजे हॉलिवूडचं पार्श्वसंगीत. एवढं सरसकट विधान करून लेख पुढे व्हिएन्नाला निघून जातो.

शोस्ताकोविचबद्दल माझा वाद नाहीच. त्याच्या सातव्या सिम्फनीची मायक्रोफिल्म १९४२ मध्ये अमेरिकेत कशी पोचली आणि कंडक्टर टोस्कानिनीने ती रेडिओवरून कशी ऐकवली ही गोष्ट लेखात झकास आलीय. पण ज्या देशात ती पोचली त्या देशातल्या लोकांनी पुढे काय केलं हे बघायला नको का? युद्ध, आपल्या पूर्वजांचा वारसा, गेलेल्यांची आठवण यावर अमेरिकेत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत भरपूर मोठं संगीत लिहिलं गेलंय, त्यातलं काही भिकार आहे हे मान्य, सरकारी समारंभात वाजवून विसरून जायच्या लायकीचं, पण काही असं आहे की ऐकल्यावर दुसऱ्या दिवशीही डोक्यातून जात नाही. आणि त्यात एक भांडण सतत चाललेलं दिसतं, की मेलेल्या माणसांबद्दल बोलताना शब्द ठेवायचे का काढून टाकायचे. मला तर या सगळ्या प्रकरणातली हीच सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते.

पहिलं नाव अमेरिकन संगीतकार जॉन कोरिलियानो. त्याची पहिली सिम्फनी युद्धावर नाहीये, एड्सने गेलेल्या मित्रांवर आहे, तरी मी तिच्यापासूनच सुरू करतो कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एक प्रचंड गोधडी अंथरली होती, एड्सने गेलेल्या एकेका माणसाच्या नावाचा एकेक तुकडा, तुकड्याचं माप तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण थडग्याएवढं, आणि हे तुकडे त्यांच्या घरच्यांनी, मित्रांनी हातानं शिवलेले. त्या काळात या रोगानं मेलेल्या माणसाबद्दल उघड बोलायचीच चोरी होती, कित्येक घरांत मृत्यूचं कारणसुद्धा खोटं सांगायचे. कोरिलियानोने ती गोधडी पाहिली आणि ठरवलं की आपणही आपल्या गेलेल्या मित्रांची अशीच एक शिवायची, पण ऑर्केस्ट्रात. १५ मार्च १९९० ला शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने कंडक्टर बारेनबॉइमच्या हाताखाली ती पहिल्यांदा वाजवली.

सुरुवातीला स्ट्रिंग्ज एकच सूर धरतात आणि तो वाढत वाढत इतका चढतो की हेडफोन असतील तर आवाज आधीच कमी करून ठेवा, खरंच सांगतोय. हा संताप आहे. आणि मग मधेच, स्टेजच्या बाहेरून, लांबून पियानो ऐकू येतो, आल्बेनिझ या स्पॅनिश संगीतकाराचा जुना टँगो, का तर त्याच्या एका पियानिस्ट मित्राला तो आवडायचा. ऑर्केस्ट्रा समोर बसलाय आणि पियानो मात्र दिसत नाही. यापेक्षा सोप्या भाषेत गैरहजेरी कुणी सांगितली असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे भागात, एक चेलो वाजतो, तो ज्याच्यासाठी आहे तो मित्र हौशी चेलोवादक होता, १९६२ मध्ये दोघांनी मिळून सहज जे वाजवलं होतं त्याची टेप कोरिलियानोला पुढे सापडली आणि तिथूनच ती धून आली. आता खरी गंमत ऐका. बाकीच्या मित्रांसाठी त्याने एका लेखकाकडून प्रत्येकावर एकेक छोटं श्रद्धांजलीचं वाक्य लिहून घेतलं, ती वाक्यं वेगवेगळ्या वाद्यांसाठी सुरात बसवली, आणि मग शब्द काढून टाकले! म्हणजे बासरी, क्लॅरिनेट जे काही वाजवतायत ते खरं म्हणजे कुणाबद्दल तरी बोललेलं वाक्य आहे पण ते काय आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. तेव्हाच्या समाजात जे मोठ्यानं बोलता येत नव्हतं ते असं बोललं गेलं. याला हॉलिवूडचं पार्श्वसंगीत म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता संगीतकार कारेल हुसा, थोडा आधीचा पण सांगायलाच हवा. हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नसतं, मलाही भाचीमुळे कळलं, ती न्यू जर्सीत असते आणि तिथल्या शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तिकडे आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं शाळेच्या बँडमध्ये आहेत आणि त्यांना जे ऐकायला मिळतं ते इकडे आपण कॉन्सर्टला जाणाऱ्यांनीसुद्धा ऐकलेलं नसतं. हुसा मूळचा प्रागचा, जन्म १९२१ चा, १९४६ मध्ये पॅरिसला गेला आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला, १९५९ मध्ये अमेरिकन नागरिक झाला. २१ ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत आणि त्यांच्या मित्रदेशांचे रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा हा न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठी रेडिओवर बातम्या ऐकत होता. तिकडे आपलं गाव, आपली माणसं, आणि इकडे हातात काय तर रेडिओचं बटण. इथाका कॉलेजच्या बँडसाठी त्याला एक रचना करून द्यायचीच होती, त्याने काही आठवड्यांत ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ लिहून काढली. ३१ जानेवारी १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये पहिला प्रयोग.

कुणी म्हणेल नावात सिम्फनी कुठंय. नसू दे, चार मूव्हमेंट्स आहेत आणि वजन सिम्फनीचंच आहे. सुरुवातीला एकटा पिकोलो पक्ष्यासारखा बोलतो आणि खाली टिंपनीवर अगदी हळू एक धून सुरू होते, ती पंधराव्या शतकातल्या हुसाइट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसला मानणाऱ्या चेक बंडखोरांची युद्धप्रार्थना, चेक माणसाला ती लगेच ओळखू येते, चेक संगीतकार स्मेतानाने पण वापरलीय. मधेमधे घंटा आहेत कारण प्राग हे मनोऱ्यांचं शहर. तिसरी मूव्हमेंट नुसत्या तालवाद्यांची आहे, तिच्या शेवटी स्नेअर ड्रम वाढत वाढत तुम्हाला चौथीत ढकलून देतो. आणि त्या चौथीच्या शेवटी सगळे मिळून ती प्रार्थना एकाच सुरात म्हणतात. एका सुरात, हार्मनी नाही, विजयाचं तुताऱ्या-नगारे प्रकरण नाही. १९६९ मध्ये विजय होताच कुठे? मायदेशात अर्थातच हे संगीत वर्ज्य होतं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर फेब्रुवारी १९९० मध्ये हुसाने स्वतः प्रागमध्ये जाऊन ते कंडक्ट केलं, एकवीस वर्षांनी. तोवर अमेरिकेतल्या शाळाकॉलेजांतल्या हजारो पोरांनी ते वाजवून झालं होतं, ज्यातल्या बहुतेकांना प्राग नकाशावर दाखवता आलं नसतं. मला याचं हसूही येतं आणि बरंही वाटतं.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर ते आणखी जुनं आहे पण द्यायलाच पाहिजे. अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बर दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या हवाई दलात होता, वरून सांगण्यात आलं की वैमानिकांवर सिम्फनी लिही. त्याने लिहिली, मार्च १९४४ मध्ये बॉस्टन सिम्फनीने वाजवली, त्यात रात्रीच्या विमानाला दिशा दाखवणाऱ्या रेडिओ सिग्नलचा आवाज काढायला एक इलेक्ट्रॉनिक यंत्र पण होतं, त्या काळात म्हणजे भलतंच मॉडर्न. पुढे बार्बरला ती स्वतःलाच पटेनाशी झाली आणि १९६४ मध्ये त्याने प्रकाशकाच्या ऑफिसात तिच्या प्रती फाडून टाकल्या, फक्त मधली मूव्हमेंट वेगळी रचना म्हणून ठेवली. तो गेल्यावर १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये छापील पार्ट्स, म्हणजे एकेका वाद्याच्या नोटेशनच्या प्रती, सापडले म्हणून आज ती आपल्याला ऐकता येते. मी ऐकली. फाडण्याइतकी वाईट नाहीये पण त्याचं काय बिनसलं असावं ते कळतं, ऑर्डर आलेलं दुःख आणि आतून आलेलं दुःख यात कुठेतरी फरक पडतोच.

पण हा नियम म्हणून धरून बसू नका, कारण २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने जॉन ॲडम्स या अमेरिकन संगीतकाराला सांगून लिहून घेतलेली रचना आहे, ती अगदी ऑर्डर देऊनच, वेळही फार कमी दिलेला, आणि तरी ती उभी राहिली. १९ सप्टेंबर २००२ ला पहिल्यांदा वाजली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. साधारण पंचवीस मिनिटं. ॲडम्सने हुशारी अशी केली की स्वतः काही बोलायलाच गेला नाही. सुरुवातीला टेपवर रस्त्यावरचे आवाज, माणसांच्या चालण्याचे, गाड्यांचे, मग एक लहान मुलाचा आवाज नुसतं ‘मिसिंग’ ‘मिसिंग’ म्हणत राहतो, मग नावं वाचली जातात. कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, तोंडी जे आहे ते मुख्यतः घरच्यांनी भिंतींवर, खांबांवर लावलेल्या हरवलेल्यांच्या पोस्टर्समधलं आणि वर्तमानपत्रात छापून आलेल्या आठवणींमधलं. तो असा होता, तिला हे आवडायचं, एवढंच. कवी नाही, काव्य नाही, देवाचं नाव घेऊन सांत्वन नाही, झेंडा तर नाहीच नाही. अमेरिकेत तेव्हा गाडीगाडीवर झेंडे लागले होते आणि इराकवरच्या युद्धाची तयारी सुरू होती हे लक्षात घेतलं तर हे संगीत किती मुद्दाम गप्प बसलंय ते कळेल.

आणि इथे परत कोरिलियानो येतो. दहा वर्षं झाल्यावर त्याच फिलहार्मोनिकने त्याला ११ सप्टेंबरवर लिहायला सांगितलं, २०११ मध्ये. आता ज्या माणसाने १९९० मध्ये शब्द काढून टाकले होते त्याने यावेळी सांगितलं की मला शब्दच पाहिजेत, कारण नुसता ऑर्केस्ट्रा वाजवला तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवर शंभरदा पाहिलेले ते जळणारे टॉवर्सच येणार, मी काहीही लिहिलं तरी. म्हणून त्याने चार कविता घेतल्या, वेगवेगळ्या काळातल्या आणि देशातल्या, त्यात होमर आहे आणि चिनी कवी ली पो पण आहे, आणि एका गायिकेला उभं केलं. मला ही रचना पहिल्या सिम्फनीइतकी भिडली नाही हे खरं, पण त्या माणसाचा विचार बघा. मित्रांचे मृत्यू कुणी पाहिलेच नव्हते, तिथे शब्द काढूनही चाललं. टॉवर्स सगळ्या जगाने पाहिले होते, तिथे ते चित्र पुसायलाच शब्द लागले. दुःख तेच, उपाय उलटा.

याच विषयावर मोहम्मद फैरूझ या अरब-अमेरिकन संगीतकाराची चौथी सिम्फनी आहे, ती बँडसाठी, कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या मुलांनी २०१३ मध्ये थेट कार्नेगी हॉलमध्ये वाजवली. आधार काय तर आर्ट स्पीगलमनचं ११ सप्टेंबरवरचं कॉमिक! हो, कॉमिक. त्यात एक मूव्हमेंट अशी आहे की बँडचे दोन तट पाडलेत, लाल आणि निळा, म्हणजे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट पक्षांचे रंग, आणि दोघं एकमेकांचं न ऐकता आपापलं दामटतायत. ११ सप्टेंबरवर हसू येईल असं काही लिहायची हिंमत करणं आणि ते सुद्धा अरब नावाच्या माणसाने, हे मला फार आवडलं.

आखाती युद्धावर आरन जे कर्निस या अमेरिकन संगीतकाराची दुसरी सिम्फनी आहे, १९९१ ची, टीव्हीवर हिरव्या अंधुक चित्रांत बगदादवर बॉम्ब पडताना जग बघत होतं त्या काळातली. पहिल्या मूव्हमेंटचं नावच ‘अलार्म’. आउशवित्झ-बिर्केनाऊ पाहून आल्यावर त्याने इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्यासाठी जो कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, लिहिला तो मात्र सिम्फनीपेक्षा मला जास्त आवडतो. तिथल्या गवतात एका लहान मुलाने सहज गवताचं पातं तोंडात घातलं, आणि हे गवत कशावर वाढलंय हे कर्निसच्या मनात आलं, तिथून ती रचना सुरू झाली म्हणे. त्याला नावही साधं दिलंय, ‘कलर्ड फील्ड’.

ॲडम्सची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती आपल्या जवळची आहे. अणुबॉम्बवरचा त्याचा ऑपेरा, ‘डॉक्टर ॲटॉमिक’, २००५ चा. ओपनहायमर आणि गीता हे आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झालंय, जो तो ‘कालोऽस्मि’ म्हणत फिरतो, पण ॲडम्सच्या ऑपेरात स्फोटाच्या आदल्या रात्री सगळा कोरस जे ओरडतो ते त्याच अकराव्या अध्यायातलं वेगळंच आहे. अनेक तोंडं, अनेक डोळे, भयंकर दाढा असलेलं तुझं रूप बघून सगळी लोकं घाबरलीत आणि मी पण घाबरलोय, हा अर्जुनाचा श्लोक. म्हणजे मी काळ आहे म्हणणाऱ्याचं भाषण नाही, थरथरणाऱ्याचं. ज्यांच्या घरात ज्ञानेश्वरी वाचली जाते त्यांना अकरावा अध्याय नवीन नाही, त्यांनी एकदा हे ऐकून बघावं. पुढे २००७ मध्ये याच ऑपेऱ्यावरून त्याने सिम्फनी केली, तिच्यात गाणारं कुणीच नाही. ऑपेरात ओपनहायमर जॉन डन या जुन्या इंग्रज कवीचं एक सुनीत गातो, सिम्फनीत ती सगळी जागा एकट्या ट्रम्पेटला दिलीय. परत तेच, शब्द काढले. मला विचाराल तर ऑपेरातलं जास्त भारी आहे, ट्रम्पेट कितीही सुंदर वाजला तरी तो माणूस तिथे हवा होता असं वाटतं. याबद्दल माझा एक मित्र माझ्याशी कडाडून भांडतो, असो.

वारशाचं म्हणाल तर दोनच नावं, थोडक्यात. फ्लोरेन्स प्राइसची पहिली सिम्फनी शिकागो सिम्फनीने १९३३ मध्ये वाजवली, कृष्णवर्णीय बाईची सिम्फनी एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिलीच वेळ, तिच्यात गुलामगिरीच्या काळातल्या जुबा नाचाची लय आहे, आणि २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडीक घरात प्राइसच्या हस्तलिखितांचे ढीग सापडले म्हणून तिचं संगीत आता परत वाजतंय. दुसरा ॲलन होव्हानेस, वडील आर्मेनियन, यानं सदुसष्ट सिम्फनी लिहिल्या (सगळ्या ऐकू नका), त्यातली नववी इ.स. ४५१ च्या लढाईत पडलेल्या संत वार्तान या आर्मेनियन सेनापतीवर. आणि या माणसाला हिंदुस्थानी संगीताची ओढ कुठून लागली तर १९३६ मध्ये बॉस्टनला उदयशंकरांचा नृत्याचा ताफा आला होता, त्यातले संगीतकार विष्णुदास शिराळी त्याला भेटले, आणि शिराळी म्हणजे आपल्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पुढे १९५९-६० मध्ये तो मद्रासला येऊन राहिला, कर्नाटक संगीत शिकला. एका सिम्फनीचं नाव ‘अर्जुन’ आहे. पलुस्करांवर मराठीत एवढं लिहिलं गेलंय पण हा धागा मी कुठे वाचला नाही. एखाद्या अभ्यासकाने मनावर घ्यावं.

आता तुमच्याकडे आणि जमलं तर एनसीपीएकडे (मुंबईचं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) मागणं. मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, चांगला वाजवतात, मी जातो. पण कार्यक्रम बघाल तर चायकोव्हस्की, ब्राम्स, बीथोवन, परत चायकोव्हस्की. हयात संगीतकारांचं संगीत महाग पडतं हे मला कळतं, पार्ट्स प्रकाशकाकडून भाड्याने आणावे लागतात, आणि ॲडम्सला तर दोन कॉयर, त्यातला एक मुलांचा, वर टेप आणि स्पीकर्सची भानगड. ते राहू दे. पण हुसाच्या प्रागला व्हायोलिनच लागत नाहीत, ती बँडची रचना आहे, आणि नौदलाचा बँड मुंबईत कॉन्सर्ट करतो, त्यांच्याकडे ब्रास आहे, वुडविंड आहे, तालवाद्यांची तर फौजच आहे. वाजवायला महाकठीण आहे म्हणतात, बरोबर आहे, पण मग तिसरी मूव्हमेंट तरी घ्या, ती नुसत्या तालवाद्यांची. वर्दीतल्या वादकांनी दुसऱ्याच्या शहरात घुसलेल्या रणगाड्यांविरुद्धचं संगीत वाजवणं हे ऐकायला मी पहिल्या रांगेचं तिकीट काढेन, रांगेत उभं राहून.

आणि ते लेखक महाशय उत्तर देणार असतील तर जरूर छापा, फक्त त्यांना आधी कोरिलियानोची ती पहिली मूव्हमेंट ऐकायला सांगा, यूट्यूबवर आहे, मग भांडू.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे